त्या दोन साक्षीदारांची नावं

“काही गाळू नका हां, सामाजी,” हसगेल मुकादम आमच्या पडवीत उभ्याउभ्याच म्हणाले. “एलियाहू हन्नाबीचं अख्खं चरित्र लावा. जन्मापासून थेट अग्निरथापर्यंत. मंडळींनी म्हटलं पाहिजे, कीर्तन ऐकावं तर हसगेलच्या मलिद्याला!”

बाबांच्या हातात मिठाच्या पाण्याचा तांब्या होता. गुळणी टाकून ते म्हणाले, “जन्म शास्त्रात नाही, मुकादम. एलियाहू एकदम राजासमोरच येऊन उभे राहतात.”

“मग राजापासून लावा!” मुकादम खूश होऊन हसले आणि छत्री उघडून चालते झाले.

मी आत पेटी पुसत बसले होते. मलाही हसू आलं, आणि मग अंगावर काटा आला. त्या राजाचं पुढं काय होतं ते मला पाठ होतं. बाबांना तर होतंच. मुकादमांना नव्हतं.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. चिंचवलीत खाडीच्या काठानं आमची थोडीशी घरं, एक प्रार्थनाघर, त्याला आम्ही तेव्हा मशीदच म्हणायचो, आणि भाषा म्हणाल तर तुमचीच. एलियाहू हन्नाबी, देवाचा निरोप आणणारा आमच्या शास्त्रातला नबी, म्हणजे आमच्या घरातलं माणूस. कुणाचं पोर तापातून उठलं, कुणाची होडी वादळातून परत आली, की त्यांच्या नावानं मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि ताटाभोवती फळं. पण लोकांना ठाऊक होता तो नवसाला पावणारा एलियाहू. राजाला त्याच्याच मळ्यात अडवून जाब विचारणारा एलियाहू फक्त कीर्तनकाराच्या पोतडीत असायचा, आणि आमच्या पंचक्रोशीत कीर्तनकार एकच, माझे बाबा. आई गेल्यापासून त्यांच्यामागं पेटीवर मी बसायची. बाविशीची घोडी लग्न सोडून पेटी बडवत बसते म्हणून बायका नाकं मुरडायच्या. मुरडोत. नाकं त्यांची.

हा मलिदा मात्र नवसाचा नव्हता, शपथेचा होता. मुकादमांच्या घराला लागून लेआमावशीची नारळाची वाडी होती. मुकादमांना नारळांचं काही नव्हतं, त्यांना हवी होती वाडीतली गोड्या पाण्याची विहीर. मावशीचे यजमान अब्राजीकाका जिवंत होते तोवर नाहीच म्हणत राहिले. ते गेले, आणि वर्ष उलटायच्या आत मुकादमांनी जमातीसमोर सांगितलं की अब्राजींनी मरण्याआधी वाडी मला तोंडी दिली होती, दोन साक्षीदार आहेत. एक त्यांच्या तेलाच्या घाण्यावरचा मनश्शे. दुसरा पिन्हास, माझा धाकटा भाऊ.

ज्या दिवशी काकांनी शब्द दिला म्हणे, त्या दिवशी पिन्हास माझ्याबरोबर पेणला मामाकडे होता. बाबांनीच आम्हाला होडीत बसवून दिलं होतं. म्हणजे आमच्या घरात तिघांनाही खरं काय ते माहीत होतं. पण आमचा धर्मनियम असा, की सख्ख्याची साक्ष सख्ख्याविषयी धरत नाहीत, ना बाजूनं ना विरुद्ध. बाप, बहीण, मामा, सगळे बाद. आम्ही कितीही ओरडलो असतो तरी जमातीनं खाली मान घालून “तुम्ही त्याचे सख्खे” एवढंच म्हटलं असतं.

शेवटी असं ठरलं की कचेरीची पायरी चढायची नाही. वाडीतच मलिदा करायचा, आधी कीर्तन, आणि मग दोघांनी मलिदा ओंजळीत घेऊन काय ते सांगायचं. आमच्या गावात मलिदा हातावर घेऊन बोललेला शब्द कुणी फिरवत नसे, त्यावर पुन्हा चर्चा नसे. दोघं बोलले की वाडी मुकादमांची. लेआमावशी पटकन कबूल झाली.

मलिद्याच्या सकाळी मी तिच्याकडे गेले, तर ही बाई विळीवर बसून खोबरं खवत होती.

“मावशी, नारळ कुठले?”

“कुठले म्हंजे? आपल्या वाडीचे. मुकादमानं मागितले, मी दिले. एलियाहूच्या ताटाला नाय म्हणू काय?”

“तुला भीती नाही वाटत?”

“कसली गो? मलिदा हातात घेऊन खोटं बोलणारं आपल्यात कोण हाय? मनश्शे प्यायला की बडबडतो, ते सोड. पिन्हास तर माझ्या मांडीवर वाढला. तुझी आई आजारी, तवा ह्याच वाडीत झोळी बांधून निजवायची मी त्याला. तो म्हणाला असंल काय तरी, ऐकण्यात चूक झाली असंल. ताट समोर आलं की आठवंल त्याला.” तिनं खोबऱ्याची मूठ माझ्या तोंडाशी धरली. “खा.”

मी खाल्लं. तिच्या त्या भरवशाचा मला रागच आला. भांडली असती, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

घरी आले तेव्हा पिन्हास ट्रंक भरत होता. मुकादमांच्या ओळखीनं त्याला मुंबईत गोदीत जागा मिळणार होती. दुसऱ्या दिवशीची होडी ठरली होती.

“पिन्हास, तू पेणला होतास.”

“ताई, आता नको.”

“आताच. दुपार कलली की उशीर होईल.”

“काका तर गेले. मावशीला मूल ना बाळ. उद्या तिच्यामागं ती वाडी कुणाच्या तरी घशात जाणारच ना? मग मुकादमांनी काय पाप केलं? आणि मी जन्मभर बाबांच्या मागं झांजाच वाजवायच्या का?”

“वाडीचं राहू दे. तू एलियाहूच्या ताटातला घास हातात घेऊन खोटं बोलणार?”

तो ट्रंकेच्या कडीशी झटत राहिला. कडी बसत नव्हती. “जमातीत एकदा बोलून गेलोय मी. आता मागं फिरलो तर खोटारडा ठरेन. माझं सोड. पुढल्या वेळी बाबा कीर्तनाला उभे राहिले, की लोक कुणाकडं बघून हसतील?”

मला त्याला एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. लहानपणी दिल्याही होत्या. पण त्याला ती कडी काही केल्या बसवता येत नव्हती, आणि ते बघून माझा हात उठेना. मी कडी बसवून दिली.

बाबा मागच्या अंगणात ज्येष्ठमधाची काडी चघळत बसले होते. पिन्हास जमातीत बोलला त्या दिवशी त्यांनी त्याला एवढंच म्हटलं होतं, “तू पेणला होतास.” तेव्हापासून बापलेकांत बोलणं बंद होतं.

“बाबा, अख्खं चरित्र सांगणार? नाबोथाचा मळा आणि ते दोन साक्षीदारसुद्धा?”

“मुकादमांनीच गाळू नका म्हटलंय.”

“पिन्हास पुढंच बसलेला असेल.”

“असेल.”

“तुम्हाला सांगवेल?”

बाबांनी चघळलेली काडी टाकून दिली. “माझा घसा जाईल तिथवर जाईल. तू पेटी सुरात ठेव.”

दुपार कलल्यावर वाडीत सतरंज्या पडल्या. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये पाटावर मलिद्याचं मोठं ताट, पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं. मुकादम विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला “बसा, बसा, पाणी घ्या, गोड आहे” म्हणत होते, जणू विहीर झालीच होती त्यांची. माणूस वाईट नव्हता हो. मशिदीतले दिवे त्यांनी दिले, दुखण्याखुपण्याला पहिले धावून तेच यायचे. फक्त त्यांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. अब्राजीकाकांनी म्हटलं, ते त्यांना पचलं नाही.

बाबांनी फेटा बांधला, उपरणं सावरलं आणि चिपळ्या घेतल्या. त्या दिवशी ते रंगात होते. दुष्काळ सांगितला. ओढ्याकाठी कावळे एलियाहूला भाकरी आणून देतात ते सांगितलं. विधवेच्या मडक्यातलं पीठ सरता सरत नाही हे सांगितलं, तेव्हा लेआमावशी शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, “बघ! विधवेकडंच उतरला की नाय?” कार्मेलच्या डोंगरावर आकाशातून आग उतरली, तेव्हा झाडावर चढून बसलेली पोरंसुद्धा गप्प झाली. चारशेच्या वर खोटे नबी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस. मुकादम मान डोलावत होते. पहिल्या रांगेत मनश्शे पेंगत होता आणि त्याच्या शेजारी पिन्हास, पांढराशुभ्र सदरा घालून, जमिनीकडं बघत.

मग बाबा म्हणाले, “इज्रेल गावी नाबोथ नावाचा एक गृहस्थ होता. राजाच्या वाड्याला लागून त्याचा…”

ते थांबले. खाकरले. पाणी प्यायले. “लागून त्याचा…” आणि पुन्हा थांबले. त्यांची नजर पिन्हासवर होती.

“घशाला ताण नको, सामाजी,” मुकादम आपुलकीनं म्हणाले. “हे मधलं राहू द्या. एकदम रथ आणा!”

बाबांनी मान हलवली. खांद्यावरचं उपरणं काढलं, मागं वळले आणि माझ्या खांद्यावर टाकलं. “पुढचं मिलका सांगेल,” घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि पेटीवर माझ्या जागी येऊन बसले.

बायकांत कुजबुज उठली. मुकादमांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “बाईमाणूस उभं राहणार कीर्तनाला?”

“राह्यलं तर काय झालं?” लेआमावशी बसल्या जागेवरून ओरडली. “शास्त्रातली देबोरा नाय उभी राह्यली? तिनं तर लढाई जिंकली!”

मी उभी राहिले. मनात एक गोष्ट पक्की होती. आता गाळायचं नाही. साक्ष देण्याची मला मुभा नव्हती, कीर्तनाला कुणी बंदी घातलेली नव्हती.

“राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता,” मी म्हणाले. “राजा अहाब म्हणाला, हा मळा मला दे, मी इथं भाजी लावीन. नाबोथ म्हणाला, हे माझ्या वाडवडलांचं आहे, मी देणार नाही. राजा घरी गेला, भिंतीकडं तोंड करून निजला आणि जेवेना.”

बायका हसल्या. एकदोन पुरुषही हसले, आणि मग त्यांचं हसू अर्ध्यातच थांबलं. बाबांनी पेटीवर सूर धरला. मी गायले,

माती पूर्वजांची । मुळे खोल गेली ।
राजा, तुझी झाली । कैसी सांग ॥

“पुढं चला, पुढं चला,” मुकादम म्हणाले. त्यांच्या हातातला पंखा थांबला होता.

“चालतेच आहे, काका. काही गाळायचं नाही असं तुम्हीच बजावलंत.”

राणी ईजबेलीनं दोन माणसं उभी केली, त्यांनी नाबोथावर खोटा आळ घेतला, लोकांनी त्याला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं. हे सगळं सांगून झालं आणि मी थांबले. पुढं जे बोलले ते बाबांनी शिकवलेलं नव्हतं. मी ठरवलेलंही नव्हतं.

“मंडळी, शास्त्रात राजाचं नाव आहे. राणीचं आहे. नाबोथाचं आहे. पण ज्यांच्या शब्दावर एवढं सगळं झालं, त्या दोन साक्षीदारांची नावं नाहीत. कुठंच नाहीत. लहानपणी मी बाबांना विचारायची, का हो नाहीत? ते म्हणायचे, ठाऊक नाही. आज मला वाटतं, मला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याला नावं माहीत असणार. पण त्या दोघांना घरं होती, घरात बहिणी होत्या. त्या बहिणी लिहिणाऱ्याकडं गेल्या असतील. म्हणाल्या असतील, आमच्या भावाचं नाव घालू नका. तो इतका वाईट नाही. तो चुकला आहे.”

पिन्हासनं मान वर केली. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते नाव घेतल्यासारखंच झालं असतं.

“नाबोथ मेला, आणि राजा मळा बघायला आला. ह्या वेलीवरून हात फिरव, त्या विहिरीत डोकाव.” विहीर शास्त्रात नाही. ती मी घातली. “वळून बघतो तो समोर एलियाहू. ना सैन्य, ना तलवार, अंगावर केसाळ झगा. एकच प्रश्न विचारला त्यांनी. जीव घेतलास, आणि वर मळाही घेतलास?”

मुकादम कठड्याची टेक सोडून ताठ बसले.

“आणि रथ?” मुकादम म्हणाले.

“रथ मलिद्यानंतर. साक्ष झाल्याशिवाय मी रथ बोलावणार नाही.”

अर्ध्यावर कीर्तन सोडणं किती अशुभ ते मला कळत होतं. पण त्या दिवशी मला कुणी हलवू शकलं नसतं. मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांनी प्रार्थना म्हटली, फडकं काढलं आणि ताट उचललं. मनश्शेनं ओंजळ पुढं केली, पाठ केलेलं वाक्य घाईनं म्हणून टाकलं आणि निम्मे पोहे जमिनीवर सांडले. मग ताट पिन्हाससमोर आलं.

पिन्हास उभा राहिला. त्याचे हात मांड्यांना चिकटलेले होते.

“घे रे बाळा,” लेआमावशी म्हणाली. ती अजूनही हसत होती. “सकाळीच खवलंय खोबरं. घे.”

तो तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “मावशी, मी मलिदा घेणार नाही. मी त्या दिवशी पेणला होतो.”

आणि तो सतरंज्यांवरून वाट काढत वाडीबाहेर चालता झाला. कुणी त्याला अडवलं नाही.

एकाच्या साक्षीनं आमच्यात काही ठरत नाही. हज्जानांनी ताट पाटावर ठेवलं, म्हणजे निकाल लागला. मुकादम विहिरीत बघत बसले होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “पोरी, रथ राहिला.”

मी रथ बोलावला. अग्नीचे घोडे, वावटळ, एलियाहू वर जाताना खाली पडलेला झगा आणि तो उचलून घेणारा त्यांचा शिष्य अलीशा, सगळं घसा फोडून गायले. मुकादमांनी डोळे पुसले की घाम, मला सांगता येणार नाही. सगळे पांगल्यावर लेआमावशी त्यांना म्हणाली, “पाणीच पायजे होतं ना तुला? मागितलं असतंस तर पहिल्याच दिवशी दिलं असतं. पाणी काय मी वर घेऊन जानार हाय?” दुसऱ्या दिवसापासून मुकादमांची सून तिथं हंडा घेऊन येऊ लागली.

पिन्हास ठरल्या होडीनंच गेला. गोदीतली जागा आता नव्हती, पण ट्रंक भरलेली होती. त्या पहाटे मला जाग आली ती बाबांच्या प्रार्थनेनं. शेमा म्हणत होते, खणखणीत आवाजात, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं. मी अंथरुणात उठून बसले. घसा बसलेला माणूस एका रात्रीत असा म्हणत नाही. धक्क्यावर बाबा पिन्हासची ट्रंक स्वतः उचलून होडीत ठेवायला गेले आणि त्याला म्हणाले, “पोचलास की कळव.” तो वाकून त्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. परत येताना मी विचारलं, “बाबा, घसा बरा झाला वाटतं?”

“कुणाचा घसा?” बाबा म्हणाले. उपरणं त्यांनी परत मागितलं नाही.

आता बाबा नाहीत, लेआमावशी नाही, चिंचवलीत आमच्यातलं कुणीच राहिलेलं नाही. मी मात्र ते उपरणं घेऊन गावोगाव उभी राहिले. गेल्या वर्षी मुंबईत एलियाहूचं आख्यान लावलं होतं. पहिल्या रांगेत पिन्हास होता, हातात काठी, कानाला यंत्र. आयुष्य गोदीतच गेलं त्याचं, आधी हमाली केली, पुढं हमालांचा मुकादम झाला, माणसं त्याच्या शब्दावर चालत. मी नेहमीच्या जागी आले, नेहमीचं म्हटलं, “त्या दोन साक्षीदारांची नावं शास्त्रात नाहीत.”

“एकाचं पिन्हास,” तो मोठ्यानं म्हणाला.

लोक हसले. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, काहीतरी बरळला, असं वाटलं त्यांना. तो हसत नव्हता. माझ्याकडं बघत होता, त्या दिवशी मावशीकडं बघितलं होतं तसा.

मी चिपळ्या खाली ठेवल्या. “बरोबर,” मी म्हणाले. “एकाचं पिन्हास. त्याच्यासमोर ताट आलं, आणि तो ताटाला हात न लावता उठून गेला. म्हणून नाबोथ वाचला.”

मागून कुणीतरी शिकलेला माणूस म्हणाला, “बाई, शास्त्रात असं नाही.”

“तुमच्या नसेल,” मी म्हणाले, आणि पुढचा सूर धरला. “आमच्या गावच्या शास्त्रात आहे.”